लाल ठिपका

“आवाज जातोय न्हवं?” केरबानं अंधारातून विचारलं.

“जातोय,” मी म्हणालो.

“मग पलीकडनं जबाब का देत न्हाईत?”

याचं खरं उत्तर मला ठाऊक होतं, पण ते सांगायची माझी छाती नव्हती. “बॅटरी उतरलीय,” मी म्हणालो आणि वॉकी-टॉकी उगाच दोनदा तळहातावर आपटला.

चौऱ्याण्णव सालची गोष्ट. भुदरगडच्या डोंगरातून धरणाचं पाणी पलीकडच्या खोऱ्यात न्यायचं म्हणून बोगदा खोदत होते आणि त्या बोगद्यात, तोंडापासून सहाशे मीटर आत, आम्ही दोघं कोंडलो होतो. सकाळी साडेदहाला बाकीची पाळी न्याहारीला बाहेर गेली. केरबा पोवार हा जुना ड्रिलवाला, हातातलं भोक पुरं केल्याशिवाय भाकरीला न हलणारा. तो मागे राहिला. मी आत गेलो होतो भिंतीवरची तार बघायला. बोगद्यात वायरलेसचा आवाज पोचावा म्हणून तोंडापासून शेवटपर्यंत एक तार टांगलेली असे, आणि ती सांभाळणं माझ्या कामाचा भाग होता. मी तारेला हात लावतोय तोवर मागे छत बसलं. आधी दोन-चार दगड, मग सगळंच. धूळ खाली बसल्यावर टोपीवरचा दिवा मारून पाहिलं, तर आमच्या आणि बाहेरच्या जगाच्या मध्ये खालपासून वरपर्यंत दरड उभी होती.

केरबाचा डावा पाय घोट्यापर्यंत एका धोंड्याखाली गेला होता. मी पहार घालून बघितली, खांदा लावून बघितला, धोंडा जागचा हलला नाही. “ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला, “हलवलास की वरचा येईल. पाय काय, हाय तितं हाय.” मला मात्र खरचटलेलं कोपर सोडलं तर काहीही झालं नव्हतं, आणि त्याचीच मला शरम वाटत होती.

टोपीवरचा दिवा आम्ही विझवून ठेवला होता. अंधारात एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझ्या हातातल्या सेटमधली खरखर. आणि दर पाच मिनिटांनी त्या खरखरीतून वर येणारा दाजीबांचा आवाज.

“केरबाऽ, मिस्त्रीऽ, ऐकू येतंय काऽ? ओव्हर.”

मग ते थांबायचे. मी बोलायचं बटण दाबून ओरडायचो, “दाजीबा, आम्ही दोघंही जिवंत आहोत! ओव्हर!” पुन्हा खरखर. पाच मिनिटांनी पुन्हा तीच हाक, तशीच, जणू मी तोंडच उघडलं नव्हतं. जिवंतपणी आपल्याच दशक्रियेची आमंत्रणं ऐकावीत, तसं ते होतं.

दाजीबा चौगले बोगद्याच्या तोंडावरच्या पत्र्याच्या खोपटात बसत. आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, यावर त्यांची नजर असे आणि मोठा वायरलेस सेट त्यांच्या टेबलावर असे. साठीला आलेला माणूस, डोक्याला कायम मफलर. मी मिरजेहून डिप्लोमा करून आलेलो, चोवीस वर्षांचा, कागदावर ‘तात्पुरता टेक्निशियन’. दाजीबा मला ‘मिस्त्री’ म्हणत आणि त्यात मानापेक्षा चेष्टा जास्त होती. त्याला कारणही मीच दिलं होतं.

आमचे सेट दिवसभर खरखरत. कुणी बोलत नसलं की नुसती खरखर, ही वायरलेसची जातच आहे. कामाचे मुख्य इंजिनिअर रेगे साहेब त्याला वैतागले होते. “ऐनापुरे, हे भजी तळल्यासारखं काय चाललेलं असतं? डोकं उठतं माझं. बंद करा.”

ते बंद करणं अवघड नव्हतं. प्रत्येक सेटला एक बारीक बटण असतं, त्याला स्क्वेल्च म्हणतात. ते जितकं आवळाल तितकी खरखर गप्प होते. ठरावीक जोराचा आवाज आला तरच सेट कान उघडतो, एरवी झोपून राहतो. मी ते पाचही सेटांवर चांगलं आवळलं. तळावर अशी शांतता पसरली की रेगे साहेबांनी मला चहाला बोलावलं. माझ्या कायमपणाच्या कागदावर त्यांची सही व्हायची होती, त्यामुळे तो चहा मला फार गोड लागला.

दाजीबांना ती शांतता नको होती. “खरखर हाय तवर सेट जित्ता हाय, मिस्त्री. गप बसल्याव काय कळायचं, मेलाय का झोपलाय?” असं म्हणून त्यांनी आपल्या सेटचं बटण सैल केलं. मी पुन्हा आवळलं. त्यांनी पुन्हा सैल केलं. असं तीनदा झालं. शेवटी मी घरून सुनंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, नेलपॉलिशची बाटली आणली आणि पाचही सेटांच्या बटणांवर लाल थेंब सोडून ती जागच्या जागी चिकटवून टाकली. वर्कशॉपात आम्ही हे नेहमीच करतो. एकदा बसवलेलं कुणी हलवू नये म्हणून.

“आता फिरवा बघू,” मी दाजीबांना म्हणालो होतो.

त्यांनी फिरवून पाहिलं. “म्हातारीगत कुकू लावलंस की रं माझ्या सेटाला,” एवढंच ते बोलले.

माझ्या हातातल्या सेटवरचा ठिपका मी दरड पडल्याबरोबर नखानं खरवडून काढला होता, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. बाहेरचा सेट पंचवीस वॅटचा, त्याचा आवाज दरडीतूनही आत येत होता. माझा दोन वॅटचा. चेंगरलेल्या तारेवरून तो कसाबसा तोंडापर्यंत पोचतही असेल, पण तिथे दाजीबांच्या सेटचे कान मीच माझ्या हातानं शिवून ठेवले होते.

हे सगळं केरबाला कसं सांगणार? “बॅटरी,” मी पुन्हा म्हणालो.

“तुमच्या बॅटऱ्या म्हंजे,” केरबा हसला. “माझ्या थोरल्या मेव्हण्यागत. लग्नाच्या टायमालाच बसनार.”

पहिले चार तास तो असाच बोलत होता. पायाची कळ आली की दात आवळायचा, गेली की मेव्हण्यावर घसरायचा. तीनच्या सुमाराला रेगे साहेबांचा आवाज आला. ते खाली दरीतल्या वर्कशॉपात होते आणि आपल्या सेटवरून दाजीबांशी बोलत होते. मला त्यांचं बोलणं फार बारीक, खरखरीच्या तळाशी ऐकू येत होतं.

“दाजीबा, आतून काही? ओव्हर.”

“काय न्हाई, साहेब. हाका मारतोय. ओव्हर.”

“चार तास उलटून गेले. सेट आत आहे आणि एक शब्द नाही, याचा अर्थ काय तो समज. लोडरचं टायर बसवून होतंय. चारला वर पाठवतो. खालून उपसायला घेतलं की संध्याकाळपर्यंत मोकळं होईल. ओव्हर.”

दाजीबा लगेच बोलले नाहीत. ते कधीच लगेच बोलत नसत. समोरच्याचं बोलणं संपलं की सेट आवाजाचं दार लावण्याआधी क्षणभर ‘खर्रर्’ करतो. दाजीबा त्याला शेपूट म्हणत. “शेपूट आत गेल्याबिगर बोलू ने,” हा त्यांचा नियम. मी त्यावरही त्यांची टिंगल केली होती.

“साहेब,” ते म्हणाले, “पोरं हातानं वरनं चांगली सरकल्यात. लोडर कशाला? ओव्हर.”

“हातानं उपसायचं ते जिवंत माणसांसाठी, दाजीबा. ओव्हर.”

माझ्या शेजारी केरबानं सगळं ऐकलं होतं. पहिल्यांदाच त्यानं चेष्टा केली नाही.

“दिगू,” तो म्हणाला. आजवर त्यानं मला नावानं कधी हाक मारली नव्हती. “ही दरड वरनं बसलीया. वर पोकळ हाय. तिच्या पायथ्याला लोडर लागला की वरचं समदं धावत येनार, आनि ते आपल्याच अंगाव. वरनं यायला पायजे. छताला धरून, फळ्या मारत. सांग त्यास्नी.”

“सांगतोय की मघापासून!”

“मग ऐकत का न्हाईत?”

तोंडात आलं होतं. सांगून टाकावं वाटत होतं. माझ्यामुळे, केरबा, माझ्या एका चहापायी. पण पाय अडकलेल्या माणसाला हे सांगून मी काय मिळवणार होतो? आणि खरं सांगायचं तर त्याच्या तोंडच्या शिव्या अंधारात एकट्यानं ऐकायची माझी तयारी नव्हती. मी दिवा लावून घड्याळात पाहिलं. तीन वाजून बारा मिनिटं. सेटवरचा बारीक दिवा लाल झाला होता. आता मात्र बॅटरी खरोखरच उतरत होती.

मी घाबरलो. सुनंदाला सहावा महिना होता. सकाळी निघताना तिनं गवारीची भाजी करू का विचारलं होतं आणि मी उत्तरही न देता निघालो होतो. ती गवार माझ्या डोक्यातून जाईना. गवार, आणि दाजीबांचं शेपूट.

शेपूट.

सेटचं दार बाहेरून ढकलून उघडायला जोर लागतो, तो माझ्याकडे नव्हता. पण दुसऱ्या कुणी ते उघडलं असेल, तर ते लागू न देता धरून ठेवायला तेवढा जोर लागत नाही. मिरजेला आमच्या गुरुजींनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. रेगे साहेब बोलत असताना दाजीबांच्या सेटचं दार उघडं असणार. साहेबांनी ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडलं की क्षणभर शेपूट वळवळणार. त्याच क्षणाला मी बटण दाबून आत बोट घातलं, तर दार लागणार नाही. लवकर दाबलं, तर साहेबांचा दांडगा आवाज माझा आवाज चिरडून टाकणार. उशिरा दाबलं, तर दार लागलेलं. आणि दाजीबा शेपूट जाईपर्यंत बोलत नाहीत, हीच एक माझ्या बाजूची गोष्ट होती.

मी दिवा विझवला आणि सेट कानाला लावून बसलो. माझा जीव आता रेगे साहेबांच्या बडबडीवर होता, आणि तो माणूस पंचवीस मिनिटं एक अक्षर बोलला नाही.

“दाजीबा, तोंडासमोरचे ट्रक हलवायला सांग. ओव्हर.”

मी दाबलं. जरा आधीच दाबलं. “हलवतो, साहेब,” दाजीबा म्हणाले. गेलं ते.

दहा मिनिटांनी पुन्हा साहेब. या वेळी मी ‘ओव्हर’मधला ‘र’ संपू दिला आणि मग दाबून ओरडलो, “लोडर नको! जिवंत आहोत!” बटण सोडलं तेव्हा दाजीबा बोलत नव्हते. थांबले होते. पण तेवढ्यात साहेबच घुसले. “दाजीबा, झोपलास का? ओव्हर.”

“न्हाई साहेब,” दाजीबा सावकाश म्हणाले. “आज शेपूट लांब हाय.”

“काय?”

“सेटाचं, साहेब. शेपूट आत जाईना.”

“सेट बिघडला असेल. आता कशाला तो विषय? लोडर निघाला. पोरांना दरडीवरून खाली उतरव आणि मागे घे. ओव्हर.”

मी दाबलं आणि ओरडलो नाही. ओरडून शब्द फाटतात, हे मीच सगळ्यांना शिकवत असे. एकेक शब्द सुटा करून बोललो. “दाजीबा. दिगंबर बोलतोय. लोडर नको. वरून या. दाजीबा. लोडर नको. वरून या.” किती वेळा म्हणालो ते आठवत नाही. केरबानं अंधारात माझं मनगट धरलं होतं आणि तो काहीतरी पुटपुटत होता, बहुधा देवाचं.

बटण सोडलं. साहेबांचा आवाज वाजतच होता. “दाजीबा, ऐकलंस का? पोरांना उतरव म्हणतोय मी! ऐकलंस—”

आणि त्यावर दाजीबांचा पंचवीस वॅटचा आवाज चढला. “साहेब, जरा गप बसा!”

साहेबांचा आवाज तुटला. मोठ्या साहेबाला ‘गप बसा’ म्हणणारा माणूस त्या तळावर अजून जन्मला नव्हता. त्यानंतरचं मला नंतर इतरांनी सांगितलं. दाजीबांनी टेबलाच्या खणातली पक्कड काढली, लाल ठिपक्यावर लावली आणि बटण पिरगाळलं. ठिपका फुटला, अर्धं बटण मोडून हातात आलं, आणि खोपटभर खरखर पसरली. मफलर काढून त्यांनी कान सेटला चिकटवला.

“पोरा,” माझ्या हातात आवाज आला, “बोल. सावकाश बोल. मी हाय हितं.”

मी बोललो. मला मधेच हुंदका आला, तरी बोललो. लोडर तोंडापासून शंभर पावलांवर थांबवला, तेव्हा चार वाजायला चार मिनिटं होती.

वरून, छताला धरून, फळ्या मारत पोरं आली. त्याला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. केरबाच्या पायाची तीन बोटं गेली. बाहेर आल्यावर स्ट्रेचरवरूनच तो भेटेल त्याला सांगत होता, “दिगूनं वाचिवलं. बॅटरी मेली हुती, तरी दिगूनं वाचिवलं.” मी खाली मान घालून चाललो होतो. लोकांना तो विनय वाटला.

आठव्या दिवशी कंपनीच्या मुख्य कचेरीतून चौकशीचे साहेब आले. खोपटातच टेबलाभोवती आम्ही बसलो. रेगे साहेब, दाजीबा, मी. पाच तास संपर्क का झाला नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यांनी दाजीबांचा सेट उचलला, मोडक्या बटणावर बोट फिरवलं. लाल कपचा अजून चिकटलेला होता.

“हे बटण चिकटवलं होतं. कुणी?”

“सेट याच्याच ताब्यात असतो,” रेगे साहेब दाजीबांकडे हात करून म्हणाले. ‘गप बसा’ ते विसरले नव्हते. आणि शांततेची हौस आपली होती, हे त्यांनी सांगितलं नाही.

चौकशीचे साहेब दाजीबांकडे वळले. “तुम्ही चिकटवलं?”

दाजीबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. सेटवर हाक मारून झाल्यावर ते जसे थांबत, तसेच थांबले. ती वेळ मला अजून मोजता येते. मी खिडकीतून बाहेर लोडरकडे बघत बसलो. कायमपणाचा कागद रेगे साहेबांच्या फायलीत होता आणि सुनंदाला सहावा महिना होता. ही दोन कारणं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलोय.

“व्हय, साहेब,” दाजीबा शेवटी म्हणाले. “मीच.”

त्यांना त्याच आठवड्यात कामावरून कमी केलं. मला कायम केलं आणि वर प्रसंगावधानाबद्दल एक प्रशस्तिपत्र दिलं. सुनंदानं ते फ्रेम करून पुढच्या खोलीत लावलं. त्या खोलीत मी फारसा बसत नसे.

केरबाचा दर वर्षी त्या तारखेला फोन येई. तुझ्यामुळं जगलो, म्हणे. अकराव्या वर्षी तो फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मी दाजीबांच्या गावाची, आजऱ्याची एसटी धरली.

दाजीबा घराच्या सोप्यात ओले काजू सोलत बसले होते. चिकानं हात काळे पडू नयेत म्हणून हातांना राख फासलेली. मफलर तोच. मी समोर बसलो आणि घसा साफ करून, मधे कुठेही न थांबता, सगळं बोललो. ठिपका माझा होता. चौकशीत मी बोलायला हवं होतं. मी घाबरलो.

ते काजू सोलत राहिले. हातातला संपल्यावर त्यांनी मान वर केली.

“ठिपका तुझाच. सेटाला कुकू मी कशाला लावू?” ते म्हणाले. मग थोडं थांबून, जसं ते नेहमी थांबत, “तवा चाळीस फूट दरडीतनं तुझा आवाज आला रं मला. हितं टेबलापलीकडं, तीन हातांवर बसला हुतास. किती येळ थांबलो. न्हाईच आला.”

त्यांनी आत वळून सुनेला हाक मारली, “मिरजेचे मिस्त्री आल्यात. च्या टाक.” आणि मूठभर ओले काजू माझ्यापुढे सरकवले.

मी हातांना राख लावली आणि सोलायला बसलो.